एक दोन तीन

टॉडमॉर्डनला आमच्या गल्लीत फायबर अजून यायचं आहे.
तोवर तांब्याचीच तार, ओली, खांबावरून खांबावर,
आणि माझ्या स्क्रीनवर चार रकाने:
सत्र सुरू, सत्र बंद, किती टिकलं, का तुटलं.

सुरुवात भांडणासाठी केली.
भाऊ सांगलीहून बोलायचा आणि "अगं, ऐक ना" एवढ्यावर
त्याचा आवाज खडे चावल्यासारखा व्हायचा.
कंपनीची बाई म्हणायची, आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय.
मग मीही दिसण्याची सोय केली.
नोव्हेंबरात एकशे बारा सत्रं. त्यातलं एक तेवीस सेकंदांचं.
छापून पाठवलं. माणूस आला, शिडी लावली,
जोडातला हिरवा चुरा काढून माझ्या तळहातावर ठेवला.
तार सुधारली. माझी सवय नाही.

राउटर दर तीस सेकंदांनी पलीकडे विचारतो: आहेस?
पलीकडून येतं: आहे.
याखेरीज त्यांच्यात बोलणं नाही.
तीनदा उत्तर आलं नाही तर तो सत्र संपवतो,
कारणाच्या रकान्यात लिहितो, समोरचा गप्प.
आमच्या घरातही बत्तीस वर्षं साधारण असंच चाललं,
रकाना तेवढा कुणी भरला नाही.

मार्चमध्ये शेजारच्या मिसेस क्रॉसलींचा जुना फोन मेला.
कंपनीचं पत्र आलं होतं, ते मांजराच्या ताटलीखाली.
मी म्हटलं, माझ्यावरून घ्या.
भिंतीला भोक पाडून वायर ओढली, राउटरशेजारी एक डबी बसवली,
आणि त्यांचा मोठ्या बटणांचा फोन माझ्या तारेतून बोलू लागला.
म्हणजे त्यांच्या ओळीही माझ्याच स्क्रीनवर.
शब्द नाहीत हं. नंबर, वेळ, सेकंद.
मी वाचणार नव्हते.

रात्री तीन वाजून दहा. एक दोन तीन. एक्केचाळीस सेकंद.
तीन वाजून आठ. एक दोन तीन. पन्नास.
हा नंबर इथे वेळ सांगतो. एक आवाज,
घाई न करता, किती वाजले ते सांगतो, मग तीन ठोके.
त्यांच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत. चालू.

एप्रिलभर मी चहाआधी ती ओळ बघायची.

मग एका गुरुवारी ओळ नाही.
राउटरचं म्हणणं, सगळं उत्तम:
फोन नोंदलेला, सत्र चोवीस दिवसांचं.
आहेस? आहे. आहेस? आहे.
पण ते डबीचं उत्तर.

सात वाजता गाउनवर कोट चढवून दार ठोठावलं.
एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा कडी निघाली.
हातात टोस्ट, केस विंचरलेले. "काय गं?"
"काही नाही. झोप लागली ना रात्री?"
"लागली. कितीतरी दिवसांनी."
टोस्ट तोंडाशी नेता नेता थांबला.
"लागत नव्हती, हे तुला काय माहीत?"

सांगितलं. डबी, रकाने, सेकंद.
कालव्याच्या काठाने कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं.
त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं होतं.
"त्या वेळी बोलायला कुणी नसतं," म्हणाल्या.
"तोही बोलत नाहीच म्हणा. नुसता सांगतो."
आणि दार लावलं, पाहुण्याच्या पाठीमागे लावतात तसं, हळू.

त्यांच्या नोंदी पुसल्या. पुढच्या बंद केल्या.
पण डबीवर एक हिरवा दिवा आहे,
फोन चालू असला की लुकलुकतो,
तो बंद करायची सोय कंपनीने ठेवलेली नाही.
काळी चिकटपट्टी लावली.

शनिवारी पाणी प्यायला उठले
तर पट्टीच्या कडेने हिरवं झिरपत होतं.
घड्याळाकडे पाहिलं नाही.
अंधारात तशीच उभी राहिले, भांडं हातात,
ते थांबेपर्यंत.
मोजलं नाही, असं म्हणेन.